बॅटरीतले सच्छिद्र पटल: प्लॅस्टिकमधून आयन जातात ते नेमके कसे?

पॉलिमर-अभ्यासक

नमस्कार. मी पॉलिमर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लिथियम-आयन बॅटरीत दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये जे सच्छिद्र प्लॅस्टिकचे पटल असते, म्हणजे ज्याला सगळे सेपरेटर म्हणतात, त्यावर माझा प्रकल्प चालू आहे. प्रयोगशाळेत मला दोन नमुने मिळाले आहेत. एक पॉलिप्रॉपिलीनचा, 25 मायक्रॉन जाडीचा. दुसरा पॉलिएथिलीनचा, 16 मायक्रॉनचा. दोन्ही दुधासारखे पांढरे आहेत आणि उजेडासमोर धरले तरी एकही छिद्र दिसत नाही.

हाताळताना तीन गोष्टी लक्षात आल्या. पाण्याचा थेंब पटलावर मण्यासारखा तसाच बसून राहतो, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब क्षणात पसरतो आणि तेवढा भाग ट्रेसिंग पेपरसारखा अर्धपारदर्शक होतो. वाळला की पुन्हा पांढरा. पॉलिप्रॉपिलीनचा नमुना लांबीच्या दिशेने जुन्या धोतराची पट्टी फाडावी तसा सरळ रेषेत फाटत जातो, पण आडवा फाडायला गेले तर दाद देत नाही. पॉलिएथिलीनच्या नमुन्यात असा दिशाभेद मला जाणवला नाही.

पुस्तकात वाक्य एवढेच आहे की, हे पटल आयनांना जाऊ देते आणि इलेक्ट्रॉनांना अडवते. मग छिद्रांचे माप आयनांच्या मापाला जुळवून ठरवतात का? दोन्ही पटले प्लॅस्टिकचीच असताना त्यांच्या वागण्यात एवढा फरक का पडतो? आणि बॅटरी तापली की पटल वितळून छिद्रे मिटतात व बॅटरी आपोआप थांबते असे वाचले आहे; त्या गुणावर किती विसंबावे?

पटलकार

मी बरीच वर्षे अशा पटलांच्या उत्पादनात काम केले आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांबद्दल सविस्तर लिहितो.

चाळणीची कल्पना आधी मनातून काढून टाका, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच सुरू होतो. विद्रावकाच्या रेणूंनी वेढलेला लिथियमचा आयन एखाद्या नॅनोमीटरच्या आसपास असतो, तर पटलातली छिद्रे काही दशक ते शे-दोनशे नॅनोमीटरची असतात. गावाच्या वेशीतून मुंगी जावी तसा आयन त्यातून जातो, आणि त्याच वाटेने ऋणभारित आयनही जातात. पटल त्यांच्यात कोणतीही निवड करत नाही. इलेक्ट्रॉन अडतात ते छिद्रे लहान आहेत म्हणून नव्हे, तर प्लॅस्टिक विद्युतरोधक आहे आणि छिद्रांत भरलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, हाही इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही म्हणून. छिद्रांचे माप एक मायक्रॉनच्या खाली ठेवतात ते इलेक्ट्रोडवरचे कण पलीकडे जाऊ नयेत यासाठी. ग्राफाइटचे कण साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे असतात, त्यामुळे ते सहज अडतात. थोडक्यात, आयनांची सगळी वाहतूक छिद्रांतल्या द्रवातून होते आणि प्लॅस्टिकचे काम त्या द्रवाला जागा ठेवून दोन इलेक्ट्रोडांना एकमेकांना टेकू न देणे एवढेच आहे.

तुमचा अल्कोहोलचा प्रयोग मला फार आवडला, कारण त्यात नेमकी हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. कोरडे पटल पांढरे दिसते ते आतल्या हवेमुळे: हवेचा अपवर्तनांक 1 आणि प्लॅस्टिकचा सुमारे 1.5, त्यामुळे असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो. छिद्रांत सुमारे 1.38 अपवर्तनांकाचा अल्कोहोल शिरला की हा फरक कमी होतो आणि पटल पारभासक दिसू लागते. बॅटरीत इलेक्ट्रोलाइट भरतानाही असेच घडावे लागते. म्हणून तो निर्वात दाबाखाली भरतात आणि नंतर सेल मुरण्यासाठी काही तास तसेच ठेवतात. एखादा ठिपका कोरडा राहिला तर तिथून आयन जात नाहीत, शेजारच्या भागावर जास्त प्रवाहाचा ताण येतो आणि चार्जिंगच्या वेळी तिथे लिथियम धातूच्या रूपात साचण्याचा धोका वाढतो.

आता रोधाचा हिशेब. समजा पटलाची सच्छिद्रता 40 टक्के आहे आणि छिद्रांची वाट वळणावळणाची असल्यामुळे आयनाला जाडीच्या दीडपट अंतर कापावे लागते. वळणाचा परिणाम दुहेरी असतो, कारण वाट लांबते आणि तेवढ्याच द्रवातून काढलेल्या लांब वाटेची रुंदीही घटते. म्हणून दीडचा वर्ग घेऊन त्याला 0.4 ने भागायचे. उत्तर सुमारे 5.6 येते. याला मॅकमुलिन अंक म्हणतात: तेवढ्याच जाडीच्या नुसत्या द्रवाच्या तुलनेत पटलासकटचा रोध इतके पट असतो. नेहमीच्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटची वाहकता सेंटिमीटरला सुमारे 0.01 सीमेन्स धरली, तर 20 मायक्रॉन जाडीच्या पटलाचा रोध चौरस सेंटिमीटरला 1.1 ओमच्या आसपास येतो. जाडी निम्मी केली की तोही निम्मा होतो. म्हणूनच एके काळी 25 मायक्रॉनला पातळ म्हणणारा हा उद्योग आता 10 मायक्रॉनच्याही खाली उतरला आहे. वाचलेल्या जागेत जास्त क्रियाशील पदार्थ मावतो, हा फायदा वेगळाच.

तुमच्या नमुन्यांतला फरक त्यांच्या घडणीतून आला आहे. पॉलिप्रॉपिलीनचा नमुना जवळजवळ नक्कीच कोरड्या पद्धतीचा आहे. वितळलेले पॉलिमर वेगाने ओढून फिल्म काढतात, त्यामुळे स्फटिकांचे पातळ थर ओढीच्या दिशेला काटकोनात एकापाठोपाठ एक रचले जातात. मग फिल्मला उष्णता देऊन ही रचना पक्की करतात आणि आधी थंड, नंतर गरम ताणतात. थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये फटींसारखी लांबट छिद्रे उघडतात. सगळा ताण एकाच दिशेने दिलेला असल्यामुळे आडव्या दिशेची ताकद उभ्या दिशेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि म्हणूनच ते पट्टीसारखे फाटते.

पॉलिएथिलीनचा नमुना ओल्या पद्धतीचा असावा. त्यात अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन पॅराफिन तेलात विरघळवून गरम अवस्थेत फिल्म काढतात. थंड होताना पॉलिमर आणि तेल सूक्ष्म पातळीवर वेगळे होतात, फिल्म दोन्ही दिशांना ताणली जाते आणि तेल डायक्लोरोमिथेनसारख्या विद्रावकाने धुऊन काढतात. तेलाच्या जागी जाळ्यासारखी एकमेकांत गुंतलेली छिद्रे उरतात. ताकद दोन्ही दिशांना सारखी मिळते, जाडीही खूप खाली आणता येते, पण विद्रावक आरोग्याला घातक असल्यामुळे त्याचा थेंब न् थेंब परत गोळा करण्याची व्यवस्था उभारावी लागते आणि खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. कोरड्या पद्धतीत विद्रावकच लागत नाही, हे तिचे मोठे बलस्थान आहे, आणि केवळ जुनी म्हणून तिला कमी लेखू नये असे माझे मत आहे.

घटपरीक्षक

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण सेल तापवून त्यांचे काय होते ते पाहणे हेच माझे काम आहे.

पॉलिएथिलीन सुमारे 130 ते 135 अंश सेल्सियसला वितळते, छिद्रे मिटतात आणि पटलाचा रोध शेकडो-हजारो पटींनी वाढतो. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळते. यावरूनच तीन थरांचे पटल आले: बाहेर पॉलिप्रॉपिलीन, मध्ये पॉलिएथिलीन. मधला थर वितळून वाट बंद करतो आणि बाहेरचे थर तोवर आकार सांभाळतात. बाहेरून शॉर्टसर्किट झाले किंवा सेल जास्त चार्ज होऊ लागला आणि तापमान हळूहळू चढत गेले, तर ही योजना खरोखर उपयोगी पडते.

पण तिच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. ताणून केलेल्या प्रत्येक पटलात ताण साठलेला असतो. तापल्यावर पॉलिमरच्या साखळ्या मूळ गुंडाळलेल्या अवस्थेकडे परततात आणि पटल आखडते. कडेचा काही मिलिमीटरचा भाग जरी मागे सरकला तरी इलेक्ट्रोडांच्या कडा एकमेकींना भिडतात, आणि मग छिद्रे मिटली आहेत की नाहीत याला अर्थ उरत नाही. दुसरे असे की, ऋण इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर 100 अंशांच्या आसपासच विघटन पावू लागतो आणि ती क्रिया स्वतः उष्णता देते. म्हणजे पटल वितळण्याआधीच आत उष्णता तयार होऊ लागलेली असते, आणि वाट बंद झाल्यावरही तापमान चढत राहू शकते. तिसरे, आत धातूचा कण टोचून शॉर्टसर्किट झाले तर उष्णता त्या बिंदूवर इतक्या झटकन वाढते की बाकीच्या पटलाला प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट क्रमिक पुस्तकांत क्वचितच सापडते. अनेक सेल एकापुढे एक जोडलेल्या पॅकमध्ये एकाच सेलचे पटल बंद झाले, तर जवळजवळ सगळ्या मालिकेचा विद्युतदाब त्या एका पटलावर येतो आणि अर्धवट वितळलेले ते पातळ प्लॅस्टिक तो दाब सहन करू न शकता फुटू शकते. म्हणून मोठ्या पॅकमध्ये पटलाच्या या गुणाकडे शेवटचा आधार म्हणून पाहावे. पहिले रक्षण प्रत्येक सेलच्या विद्युतदाबावर आणि तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेनेच केले पाहिजे.

रसायनाइतकेच पटल जागेवर बसवण्याचे कामही महत्त्वाचे असते. 2021 मध्ये जनरल मोटर्सने बोल्ट ही विजेवर चालणारी मोटार मोठ्या प्रमाणावर परत मागवली, तेव्हा दिलेले कारण असे होते की, काही सेलमध्ये फाटलेली ऋण इलेक्ट्रोडची पट्टी आणि दुमडलेले सेपरेटर हे दोन दोष एकाच वेळी आढळले होते. काही मायक्रॉनच्या पटलाची एक घडी किती महागात पडू शकते, ते यावरून कळते.

शिसे-आणि-आम्ल

पटलकारांच्या हिशेबाला माझ्या क्षेत्रातली एक जोड देतो. शिसे-आम्ल बॅटरीतले पॉलिएथिलीनचे पटलही सच्छिद्रच असते, पण त्याची जाडी उभे कंगोरे सोडून साधारण 200 मायक्रॉन, म्हणजे लिथियमच्या पटलाच्या दहापट असते. तरीही त्याचा रोध कमी भरतो, कारण बॅटरीतल्या सल्फ्युरिक आम्लाची वाहकता सेंटिमीटरला सुमारे 0.8 सीमेन्स, म्हणजे कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटच्या ऐंशीपट असते. सच्छिद्रता 60 टक्के धरून तेच गणित मांडले, तर उत्तर चौरस सेंटिमीटरला 0.1 ओमच्या जवळ येते. लिथियमच्या पटलाला इतके पातळ व्हावे लागले ते त्यातला द्रव मुळात मंद वाहक आहे म्हणून, हे यावरून स्पष्ट होते.

पाण्याचा थेंब मण्यासारखा बसण्याची अडचण आम्हालाही येते, कारण आमचा इलेक्ट्रोलाइट पाण्याचाच आहे. त्यावर उपाय म्हणून पॉलिएथिलीनमध्ये भरपूर सिलिका मिसळतात. सिलिकाला पाण्याची ओढ असते, त्यामुळे आम्ल आत शिरते. तुमच्याप्रमाणेच आम्हीही तेल धुऊन काढतो, पण सगळे नाही. थोडे तेल मुद्दाम ठेवतात, कारण धन पट्टीजवळच्या ऑक्सिडीकरणापासून ते प्लॅस्टिकचे रक्षण करते. सगळे तेल काढून टाकले तर पटल लवकर ठिसूळ होते.

पॉलिमर-अभ्यासक

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. चाळणीची कल्पना मी सोडली आहे. काल पॉलिप्रॉपिलीनच्या नमुन्यावर पेन्सिलीने चौकोन आखून तो 90 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवला. लांबीच्या दिशेने चौकोन किंचित आखडलेला आढळला, रुंदीत मात्र मोजण्याजोगा फरक नव्हता. पटल एकाच दिशेने ताणलेले आहे, हे आता मोजमापातूनही पटले. पॉलिएथिलीनवर सिरॅमिकचा लेप देतात तो हे आखडणे थांबवण्यासाठीच का? आणि त्यामुळे रोध वाढत नाही का?

पटलकार

होय, मुख्यतः त्यासाठीच. ॲल्युमिना किंवा बोहमाइट या ॲल्युमिनियमच्या संयुगांचे बारीक कण बंधकात मिसळून 2 ते 4 मायक्रॉनचा थर एका किंवा दोन्ही बाजूंना देतात. हे कण त्या तापमानाला वितळत नाहीत आणि एकमेकांत अडकून पटलाला जागच्या जागी धरून ठेवतात. लेपाने रोध थोडा वाढतो, पण कणांच्या मधल्या जागा मोकळ्या असतात आणि कार्बोनेट द्रव त्या पृष्ठभागावर चांगला पसरतो, त्यामुळे पटल भिजण्याच्या बाबतीत उलट फायदाच होतो. बोहमाइट ॲल्युमिनापेक्षा बरेच मऊ असल्याने पटल कापणारी पाती कमी झिजतात, म्हणून अनेक जण त्याला पसंती देतात.

प्रकल्पात एक काळजी घ्या. शंभर मिलिलिटर हवा पटलातून जायला किती सेकंद लागतात त्याचे मोजमाप, म्हणजे गर्ली अंक, बहुतेक प्रयोगशाळांत सहज मिळते आणि विद्यार्थी त्यावरूनच आयनांच्या रोधाचा अंदाज बांधतात. एकाच प्रकारच्या पटलाच्या दोन गुंडाळ्या तपासायला तो अंक उत्तम आहे, पण कोरड्या पद्धतीच्या पटलाची ओल्या पद्धतीच्या पटलाशी तुलना करताना तो फसवतो, कारण हवेचा प्रवाह छिद्राच्या रुंदीवर फार अवलंबून असतो आणि आयनांची वाहतूक त्या मानाने कितीतरी कमी. तुमच्या दोन नमुन्यांसाठी इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेल्या पटलाचा रोध थेट मोजा. एक, दोन, तीन असे थर एकमेकांवर ठेवून आलेख काढलात, तर त्याच्या चढावरून एका थराचा रोध मिळेल आणि उपकरणाच्या जोडण्यांचा रोध आपोआप वेगळा पडेल.