नॅनो औषधांचे फायदे लोकांना कोणी सांगायचे, आणि कसे?

वर्धारोडकर: मे २०२१ आठवा. काळ्या बुरशीच्या इंजेक्शनसाठी अख्खं नागपूर पालथं घालत होते लोक. लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे नाव तेव्हा पानठेल्यावरही ऐकू यायचं. औषध मूळचं जुनंच, पण साध्या रूपात दिलं की हुडहुडी भरते, किडनीवर मार बसतो. तेच शंभर नॅनोमीटरहून बारीक अशा स्निग्ध पिशव्यांमध्ये भरलं की किडनीचं नुकसान बरंच कमी होतं, डोसही वाढवता येतो. हेच नॅनोतंत्रज्ञान. इतकी धावपळ झाली, पण दोन इंजेक्शनांत फरक काय हे लोकांना मराठीत कोणी सांगितलं? मेडिकल-मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत हे सांगितलंच पाहिजे.

महालवाला: सांगून काय होणार होतं भाऊ? माझ्या मोठ्या भावाला साधंच इंजेक्शन लागलं, कारण दुसरं मिळालंच नाही. रोज सकाळी लॅबचा कागद हातात आला की क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा, आकडा आधी पाहायचो. फायदा आम्हाला पुरता कळला होता. आधी औषध मिळू द्या, परवडू द्या, मग शिकवा.

सिस्टर_धंतोली: दादा, तुमचं दुःख समजते. पण सांगणं लागतेच. मी केमोच्या वॉर्डात आहे. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे तशाच स्निग्ध पिशव्यांत भरलेलं कॅन्सरचं औषध, अमेरिकेत १९९५ पासून मान्य आहे. साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला धोका कमी, केसही कमी जातात. मात्र तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. गरम पाण्यानं भांडी घासू नका, घट्ट चप्पल घालू नका, हे आधीच सांगावं लागते. नाही सांगितलं तर बाई घाबरते अन् केमोच्या पुढच्या फेरीला येतच नाही.

आशावादी_नागपूर: कॅन्सरचं नाव ऐकूनच माणूस अर्धा खचतो, त्यात सोललेले हात काऊन दाखवता? 'औषध नेमकं गाठीवर जाते' एवढं सांगा, पुरे.

फार्मसी_मास्तर: तेवढंच सांगू नका, कारण ते खरं नाही. आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. उरलेल्यातला मोठा वाटा यकृत-प्लीहा गिळतात. तरी औषधं उपयोगी आहेत, पण कारण वेगळं. २००५ साली अमेरिकेत मान्य झालेलं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध घ्या. साधं पॅक्लिटॅक्सेल एरंडेलापासून केलेल्या द्रावकात विरघळवतात आणि त्या द्रावकाची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. नव्यात तो द्रावकच नाही, सलाईनही अर्ध्या तासात संपतं. हा फायदा पेशंटला स्वतःला जाणवतो. 'नेमकं गाठीवर' ऐकून आलेल्या माणसाला पहिली उलटी झाली की आपल्यावरचा विश्वासच उडतो.

आशावादी_नागपूर: मास्तर, टक्केवारी वर्गात ठीक आहे. माझ्या आईला ती सांगितली असती तर तिनं उपचारच नाकारले असते. धीर हाही उपचारच आहे, यावर मी ठाम आहे.

सिस्टर_धंतोली: टक्केवारी नका सांगू, पण हातांचं सांगा. आधी सांगितलेला त्रास सोसवतो.

वर्धारोडकर: मग प्रत्येक औषधासोबत मराठीत एक कागद द्यावा. नेहमीच्या औषधापेक्षा काय कमी होईल, नवीन काय होऊ शकते, आणि सरकारी योजनेत बसते की नाही.

महालवाला: योजनेची ओळ सगळ्यात वर घ्या. अन् खाली हेही लिहा, की हे मिळालं नाही तर साध्या औषधावर किडनी कशी सांभाळायची.