१० बाय १३ची खोली, सोफा भिंतीला टेकलेला: सराउंड लावू कुठे?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. आमची बसायची खोली १० फूट रुंद आणि १३ फूट लांब. एका आखूड भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून साडेसहा फुटी सोफा, त्यावर तिघं बसतात. डावी भिंत सलग आहे. उजवीकडे मात्र सोफ्याला लागूनच सरकत्या काचेचं दार, तिथे काहीच ठोकता येत नाही. पुढचे दोन स्पीकर, सेंटर (टीव्हीजवळचा मधला स्पीकर), सब (बासचा, म्हणजे खालच्या आवाजाचा स्पीकर) आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर घरात आहेत, सराउंडची, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणाऱ्या स्पीकरची जोडी तेवढी राहिली.

ओळखीतले एक जण त्यांची जुनी डायपोल (दोन विरुद्ध दिशांना तोंडं असलेल्या स्पीकरची) जोडी देतायत. ती घ्यावी की साधे बुकशेल्फ, म्हणजे एकाच तोंडाचे छोट्या पेटीचे स्पीकर आणावेत? काही जण म्हणतात, घेतोच आहेस तर ७.१ कर, म्हणजे मागे आणखी दोन स्पीकर लाव. आणि उजवीकडे भिंतच नाही तर लावायचे कुठे?

सगळ्यात काळजी आईची आहे. ती उजव्या टोकाला बसते, तिला थोडं कमी ऐकू येतं. संवाद निसटायला लागले की काही न बोलता उठून आत जाते. सराउंड तिच्या कानाशी आला तर आहे ते बोलणंही बुडेल अशी भीती वाटते. तिला शेवटपर्यंत बसून सिनेमा बघता यावा, त्यासाठीच हे सगळं चाललंय.

रानपाखरू

वायरलेस सराउंड घ्या आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर ठेवा. भोकं नकोत, वायर ओढणं नको. आमच्याकडे तसंच आहे, काही अडत नाही.

तारवाला

रानपाखरू, वायरलेसमध्ये सिग्नलची वायर वाचते, पण प्रत्येक स्पीकरला विजेचा पॉइंट लागतोच. शिवाय असे बरेच स्पीकर आपल्याच कंपनीच्या साउंडबारशी जुळतात, यांच्याकडे तर रिसीव्हर आधीच आहे. आणि स्टँडबद्दल म्हणाल, तर या खोलीत सोफ्याच्या हाताशी, कानाच्या उंचीला ठेवलेला स्पीकर ही सगळ्यात वाईट जागा. आईंसाठी तर नकोच.

मी घराघरांत स्पीकर बसवण्याचंच काम करतो आणि बहुतेक खोल्या याच मापाच्या असतात. लोक स्पीकर कुठला घ्यायचा यावर तासन्‌तास बोलतात, आणि तो सर्वात जवळच्या माणसाच्या कानापासून किती लांब राहणार हे कुणी मोजत नाही. माझ्या मते छोट्या खोलीत पहिला प्रश्न तोच.

तुमच्या मापावर हिशेब करून बघा. बाजूला ठेवलेल्या स्पीकरचं तोंड टोकाच्या माणसाच्या कानापासून साधारण सव्वादोन फुटांवर येईल, दुसऱ्या टोकाच्या माणसापासून सव्वासहा फुटांवर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलनी उतरतो. म्हणजे दोन टोकांत जवळजवळ ९ डेसिबलचा फरक. एकाला कानाशी कलकलाट, दुसऱ्याला पत्ताच नाही. तोच स्पीकर कानापेक्षा दोन फूट वर नेला की अंतरं तीन आणि साडेसहा फूट होतात, फरक ७ डेसिबलच्या आत येतो. एवढ्यानं काय होणार असं वाटेल, पण स्पीकर वर गेला की त्याचं तोंड लांबच्या टोकाकडे वळवता येतं, आणि मोठा फायदा तिथे आहे. ट्वीटरचा, म्हणजे स्पीकरमधल्या वरच्या पट्टीच्या छोट्या तोंडाचा आवाज समोर धारदार असतो, बाजूला उतरत जातो. जवळचा माणूस त्याच्या झोतातून सुटतो आणि लांबच्याला त्याचा वाटा मिळतो.

आता जागा. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब असताना, सराउंड कानाच्या रेषेच्या थोडे मागे हवेत, ११० डिग्रीच्या आसपास. पुढे टीव्हीकडे ० आणि बरोबर बाजूला ९० असं धरा. सोफा भिंतीला टेकलेला असताना कान भिंतीपासून जेमतेम फूटभर असतात, मागे जागाच उरत नाही. सोफा एक फूट पुढे घ्या. मग दोन्ही स्पीकर मागच्याच भिंतीवर, कोपऱ्यांपासून नऊ-नऊ इंच आत लावले तर मधल्या जागेवरून बरोबर ११० डिग्री पडतात. काचेच्या दाराला हात लावायचं कारणच उरत नाही, शिवाय डावं-उजवं सारखं राहतं. सोफा सरकवणं शक्यच नसेल तरी याच जागा धरा. कोन १०० च्या खालीवर येईल, तरी चालतं.

७.१ विसरा. मागचे दोन स्पीकर डोक्याच्या मागे निदान तीन-चार फूट असतील तर त्यांचा उपयोग. तुमच्या खोलीत ते मानेवर बसतील.

डायपोलही घेऊ नका, चांगल्या कंपनीचे असले तरी. त्यात विरुद्ध दिशांना दोन तोंडं असतात, एक हवा पुढे ढकलतं तेव्हा दुसरं आत ओढतं. त्यामुळे दोन्हींच्या मधोमध थेट आवाज जवळपास रद्द होतो, ऐकणाऱ्याला फक्त भिंतींवरून परतलेला मिळतो. १९८२ साली डॉल्बी सराउंड घरात आलं तेव्हा मागचा चॅनल एकच होता, तोही १०० हर्ट्झ ते ७ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्टीचा. तसा एकच आवाज दोन जागांहून येताना पसरवून टाकणं योग्यच होतं. आता डाव्या आणि उजव्या सराउंडला वेगळा, पूर्ण पट्टीचा आवाज असतो. आणि डायपोलला बरोबर बाजूची भिंत लागते, रद्द होणारी रेषा ऐकणाऱ्यावर पडावी म्हणून. तुमच्याकडे एका बाजूला ती भिंतच नाही.

साधे, छोटे बुकशेल्फ घ्या. वूफर (स्पीकरमधलं मोठं तोंड) चार इंची पुरे, खालचा आवाज सब सांभाळतो. हवेचं भोक मागच्या बाजूला असलेले टाळा, भिंतीजवळ त्यांचा बास सुजतो. पूर्ण बंद पेटीचे किंवा भोक पुढे असलेले बघा. जमलं तर पुढच्या स्पीकरच्याच कंपनीचे, म्हणजे पुढून मागे जाणारं विमान मध्येच आवाज बदलत नाही. पाठीवर ब्रॅकेटसाठी आटे आहेत का, हे घेण्याआधीच पाहा.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी एक करा. उंच स्टूल किंवा शिडीच्या पायरीवर स्पीकर ठेवा. सुतळीचं एक टोक ट्वीटरच्या वरच्या कडेला टेपनं चिकटवा आणि दुसरं टोक घेऊन सोफ्याच्या विरुद्ध टोकाला, बसणाऱ्याच्या कानाच्या जागी जा. सुतळी ताणली की स्पीकर किती वळवायचा आणि किती झुकवायचा हे डोळ्यांना दिसतं. मग रिसीव्हरमधला चाचणीचा खरखराट लावा आणि आईंना त्यांच्या जागी बसवून विचारा. त्यांना आवाज नेमका कुठून येतोय हे बोट दाखवून सांगता आलं, तर स्पीकर आणखी वर न्या किंवा वळवा. आजूबाजूला आहे एवढंच वाटलं, तर तिथेच पेन्सिलीनं खूण करा.

मध्यसप्तक

माझ्या सासऱ्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून लिहिते. सराउंड आणण्याआधी सेंटर बघा, सिनेमातलं बहुतेक बोलणं तिथूनच येतं. आमचा टीव्हीखालच्या कप्प्यात खोल ठेवलेला होता आणि सगळे संवाद डब्यातून आल्यासारखे वाटायचे. तो कप्प्याच्या पुढच्या कडेला, किंचित बाहेर आणून ठेवला आणि खाली रबराचे तुकडे देऊन तोंड वर केलं, कानाच्या दिशेनं. त्यानंतर सासरे "काय म्हणाला?" असं क्वचितच विचारतात.

मग सेंटरची पातळी ३ डेसिबलनी वाढवली. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठीचा मोड असतो, तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो. आमच्याकडे तो दिवसाही चालू असतो. सिनेमाचा थरार कमी होतो असं घरातली मुलं म्हणतात. मला सासऱ्यांनी पूर्ण सिनेमा बघणं जास्त मोलाचं वाटतं.

खिडकीपाशी

दोघांचेही मनापासून आभार. डायपोलना नाही म्हणून कळवलं. सोफा फूटभर पुढे घेता येतोय. सेंटर आमचाही कप्प्यात आतच आहे, आजच पुढे आणतो.

दोन गोष्टी राहिल्या. रिसीव्हरचा माइक लावून आपोआप जुळणी केली तेव्हा त्यानं पुढचे स्पीकर "लार्ज" धरले. तसंच ठेवू का? आणि सब काचेच्या दाराजवळच्या कोपऱ्यात आहे. बास आला की काच थरथरते, टोकाला बसलं तर धप्प आवाज आणि मधे बसलं तर पोकळ.

तारवाला

मध्यसप्तक यांनी सांगितलं ते माझ्या सगळ्या लिहिण्याच्या आधी करा. सेंटर नीट नसेल तर सराउंड कितीही चांगले लागले तरी आई उठून जातील.

"लार्ज" म्हणजे खालचा आवाजही त्या स्पीकरनंच वाजवायचा. ते नको. सगळे "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्याखालचा आवाज सबकडे वळतो ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवा, मागच्या छोट्यांना १००. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, तो सबकडे जाऊ द्या.

टोकाला धप्प आणि मधे पोकळ, याचं कारण खोलीतच आहे. १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये उभी राहते. ती भिंतींपाशी सर्वात जोरात आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. कोपऱ्यातला सब तिला पुरेपूर चेतवतो. तोच सब टीव्हीखाली, समोरच्या भिंतीच्या मध्यावर नेलात तर तो त्या लाटेच्या शून्यावरच बसतो, लाट उभीच राहत नाही. तिन्ही जागांवर बास बराच सारखा होईल, आणि काचही गप्प व्हायला मदत होईल. लांबीच्या दिशेची लाट ४३ च्या आसपास, ती मागच्या भिंतीला सर्वात फुगते. सोफा पुढे आल्यानं तीही थोडी उतरेल. मध्यावर जागा नसेल तर जेवढा मध्याजवळ जमेल तेवढा.

सगळं जागेवर गेल्यावर माइकची जुळणी पुन्हा करा, माइक मधल्या जागेवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीला न टेकवता. मग अंतरं टेपनं मोजून ताडून पाहा. पुढचे स्पीकर सुमारे ११ फुटांवर आणि मागचे पाचांवर असतील तर मागचा आवाज साधारण ५ मिलिसेकंद लवकर पोहोचतो. रिसीव्हर तेवढा तो थांबवून धरतो, पण अंतर चुकलं तर थांबवणंही चुकतं. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलू नका, त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. शेवटी दोन्ही सराउंड २ डेसिबलनी खाली करा. जुळणी मधल्या जागेसाठी झालेली असते आणि आई टोकाला आहेत.

वायर १६ गेज, निव्वळ तांब्याची. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली घेऊ नका, त्याच जाडीत तिचा विरोध जास्त असतो आणि ती वाकवताना लवकर तुटते. स्कर्टिंगला लागून पट्टीतून न्या आणि दोन्ही टोकांना प्लस कुठला त्याची खूण करा. वायर पट्टीत गेल्यावर शंका आली तर रिसीव्हरकडची टोकं सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस ज्या तारेला लावलाय ती प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर तारा उलट लागल्यात.