हृदयाच्या ऑपरेशननंतर चालणं-फिरणं, व्यायाम: बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

डिस्चार्जच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, ‘चालणे हळूहळू वाढवावे’. हळूहळू म्हणजे किती? घरातला पॅसेज की कमाटीबागेची पूर्ण फेरी? जिना कधी? ॲक्टिव्हा कधी? दवाखान्यात विचारायला जावं तर बाहेर रांग, आणि घरी आल्यावर प्रत्येक पाहुणा वेगळं सांगतो. म्हणून हा धागा. साठीच्या पुढच्या मंडळींनी स्वतःचं लिहावं, नाहीतर घरच्यांनी त्यांच्या वतीनं.

विनंती एवढीच की औषधं सुचवू नका, कुणाचा डॉक्टर बदलू नका. आणि आलं-लसूण-लिंबाच्या रसाने ब्लॉकेज उघडतात तो मेसेज इथे टाकू नका, तो सगळ्यांना आलेला आहे.

रावपुरा, वय 72, बायपास

मला सगळ्यात आधी हे कळलं की व्यायामाच्या आड हृदय येत नाही, छातीचं हाड येतं. ते मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं. जुळायला सहा ते आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीनेक महिने. तोवर दोन-अडीच किलोच्या वर उचलायचं नाही, ओढायचं-ढकलायचं नाही. ऐकायला सोपं. पण आमच्या जुन्या घराचा दरवाजा फुगलेला, खांद्याने लोटल्याशिवाय उघडत नाही. भरलेली बादली, कुकर, अंगावर झेप घेणारा नातू, सगळं त्याच हिशोबात येतं. पलंगावरून उठतानासुद्धा हात रेटायचे नाहीत. आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग मांड्यांच्या जोरावर उठायचं. मी छातीशी उशी कवटाळून उठायचो, म्हणजे हात आपोआप गुंतलेले राहतात. खोकला-शिंक आली की तीच उशी कामाला.

चालणं पाच-पाच मिनिटांचं, पण दिवसातून चार-पाच वेळा. मग एकेक मिनिट वाढवत महिना-दीड महिन्यात सलग अर्धा तास. पायाची शीर काढलेली होती, त्या घोट्याला संध्याकाळी सूज यायची. बसलं की पाय वर.

माझं ऑपरेशन झालं डिसेंबरात आणि समोर उत्तरायण! पतंग उडवायचा म्हणजे दोन्ही हात डोक्यावर, छाती ताणलेली, पेच लागला की खेच. फिजिओथेरपिस्टने साफ नाही म्हटलं. मग मी फिरकी धरली. मुलगा ढील देतो तेव्हा ती हातात नुसती गरगरते, जोर काही लागत नाही. दोरा गुंडाळायचं काम नातीला दिलं. अगाशीचा जिना सकाळी एकदाच चढलो, कठड्याला न ओढता, आणि उंधियूसुद्धा वरच आलं. पतंग कापला की ओरडायचं नाही असं बायकोने बजावलं होतं, ते काही पाळता आलं नाही.

मांजलपूर, सासूबाईंबद्दल (वय 69, झडप बदललेली)

वरच्या काकांच्या लिहिण्यात एक जोडते. फिरकीवरही मांजाच असतो. ज्यांना धातूची झडप बसवली आहे ते रक्त पातळ ठेवायला रोज ॲसिट्रॉमसारखी गोळी घेतात. त्यांचं बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचं, मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही. आणि चालताना पडून डोक्याला लागलं तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आमच्याकडे व्यायामाची सुरुवात चपलांपासून झाली. घरातल्या रबरी सपाता गेल्या, मागे पट्टा असलेले बूट आले.

नवरात्रात त्या म्हणाल्या, मी गरबा खेळणार. डॉक्टरांना विचारलं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून त्यांनी परवानगी दिली. मोठ्या मैदानावर नाही, सोसायटीतच. सुरुवातीच्या संथ दोन ताळीत त्या असतात, ढोलाने चाल पकडली की बाहेर. बाहेर येऊन लगेच खुर्चीत बसत नाहीत, कडेकडेने गप्पा मारत चालत राहतात. हे त्यांना कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण खुर्ची पुढे केली की मला ओरडतात.

अकोटा, निवृत्त फिजिओथेरपिस्ट

सासूबाई बरोबर करतात. व्यायाम चालू असताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकदम थांबलं की रक्त खालीच साचतं, बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटं सावकाश आणि शेवटीही तेवढीच.

दुसरं, नाडी. हातातल्या घड्याळात आकडा बघत चालणारे खूप भेटतात. तुम्हाला मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. आकडा नव्वदवर असतो आणि माणूस दमून गेलेला असतो. त्यापेक्षा बोलून बघा. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही, आणि तीन शब्दांवर दम लागत असेल तर कमी करा. आम्ही 6 ते 20 असा श्रमाचा अंक विचारतो. 6 म्हणजे नुसतं बसलेलं, 20 म्हणजे जीव जाईस्तोवर. 11 ते 13 च्या दरम्यान राहायचं, म्हणजे ‘सोपं आहे’ ते ‘जरा लागतंय’. माझा अनुभव असा की बायका हा अंक खरा सांगतात, पुरुष दोनने कमी सांगतात.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, धडधड, चक्कर यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं, ‘एवढी फेरी पुरी करू’ नाही. छातीच्या हाडात कटकट आवाज येत असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी सर्जनना फोन.

दांडिया बाजार, वय 75, बायपास

मी प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या शेजारी वाढलेला माणूस. मला ‘सावकाश चाला’ सांगणाऱ्यांचा राग यायचा. जोर-बैठका म्हणजे व्यायाम, बाकी सगळी हवापालट. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते पटलं. बंदी वजनाला जेवढी तेवढीच श्वास कोंडण्याला. दम कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं. म्हणून जोर बंद, कुंभक बंद, कपालभाती बंद, शीर्षासनाचं तर नावच नको. (शौचालाही हेच लागू, कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. इसबगोल घ्यावं.) तीन महिन्यांनंतर परवानगी घेऊन भिंतीला हात टेकून जोर सुरू केले, रेटताना श्वास सोडायचा. बैठका खुर्चीवरून उठ-बस अशा. आखाड्यातले जुने दोस्त हसतात. हसू देत.

गोत्री, वय 66, स्टेंट आणि मधुमेह

इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला जाऊ नये. बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्याची धडधड कळत नाही, नुसता घाम येतो, आणि बडोद्यात घाम कुणाला येत नाही? खिशात ग्लुकोजची पुडी ठेवतो. भरपेट जेवून मात्र तासभर तरी निघत नाही.

समा, पतीबद्दल (वय 70, बायपास)

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ह्यांच्या ऑपरेशनला जेमतेम काही आठवडे झाले होते. तळमजल्यावर पाणी शिरायला लागलं आणि सगळे सामान वर नेत होते. ह्यांच्या हाताला काम नाही. ह्यांना खुर्चीत बसवून माझ्या भाच्यांनी फ्रिज उचलला, तेव्हाचा ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. मग वरच्या मजल्यावर लाइट नसताना खिडकीपासून देवघरापर्यंत चालायचे. बाग नाही तर बाग नाही.

मला लिहायचंय ते वेगळंच. ऑपरेशननंतर ह्यांना रडू यायचं. टीव्हीवर बातमी लागली तरी. आयुष्यात न रडलेला माणूस! आम्ही घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणांना सुरुवातीला असं होतं, लांबलं तर सांगा. चालायला कुणी सोबत असलं की फरक पडायचा. शेजारचे काका रोज साडेसहाला हाक मारायचे, ‘चला साहेब’. मी म्हटलं असतं तर गेले नसते.

आणि रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्याचं नाही, अंगात पाणी साठल्याचं असू शकतं. अशा दिवशी चालणं नाही, फोन.

पुण्याहून, वडील बडोद्यात (वय 73)

बायपासला वर्ष होत आलं. बाबा पावागडला पायी चढायचं म्हणतात. काय करू?

अकोटा, निवृत्त फिजिओथेरपिस्ट

आधी कार्डिओलॉजिस्टना विचारून ट्रेडमिल टेस्ट. घरचे दोन मजले न थांबता, बोलत चढता येतात का ते बघा. उन्हाळ्यात तर नाहीच. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असताना उन्हात चक्कर लवकर येते. टेस्ट चांगली आली तरी पहिल्या खेपेला रोपवेने जा, वर पायऱ्या आहेतच, त्यांची हौस तिथे भागेल. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) दिली असेल तर खिशात असू द्या, आणि ती बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर बीपी पडतं. पाच मिनिटांत आराम नाही तर 108.

पुण्याहून

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, रोपवेच्या रांगेत दोन तास उभं राहण्याची टेस्ट कुठे करतात ते आधी विचार.