नवी १६ जीबी रॅम बसवली, पण लॅपटॉप ८ जीबीच दाखवतो

कोरी_पाटी

लॅपटॉपला रॅमचे दोन स्लॉट आहेत. एकात मुळातली ८ जीबी, दुसरा रिकामा. रिकाम्यात नवी १६ जीबी बसवली. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, बीप नाही, एरर नाही, पण रॅम ८ जीबीच. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ८१९२ एमबी असंच लिहून येतं.

जुन्या स्टिकवरचं लेबल: ८ जीबी १आर×८ पीसी४-२६६६व्ही
नव्या स्टिकवरचं लेबल: १६ जीबी २आर×८ पीसी४-३२००एए
प्रोसेसर कोअर आय५-१०२१०यू, विंडोज ११, ६४ बिट.

नवी स्टिक काढून पुन्हा बसवून पाहिली, फरक नाही. ती खराब आहे, की २६६६ आणि ३२०० यांचं एकमेकांशी जमत नाही? परत करायची मुदत संपत आलीय, म्हणून आधी खात्री करायचीय.

रात्रपाळी

रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडा. बूट टॅब, ऍडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे मॅक्सिमम मेमरीवर टिक करा आणि रीस्टार्ट. बऱ्याच जणांचं यानेच काम होतं.

पाना_पक्कड

वरचा उपाय करू नका. ती टिक मेमरी वाढवण्यासाठी नसून मर्यादा घालण्यासाठी आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कमी रॅमवर चाचणी घेता यावी म्हणून तो पर्याय दिलाय. हा सल्ला वर्षानुवर्षं जिकडेतिकडे फिरतोय आणि नवेच घोटाळे करून ठेवतो.

शिवाय इथे बायोसलाच ८ जीबी दिसतेय, म्हणजे गोष्ट विंडोजपर्यंत आलेलीच नाही. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. स्टिकचा आकार, वेग, टायमिंग, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सुरू होताना बायोस प्रत्येक स्लॉटच्या एसपीडीला विचारतो. उत्तर आलं नाही तर त्या स्लॉटमध्ये स्टिक असूनही तो रिकामा धरतो आणि गुपचूप पुढे जातो. तुमच्या लॅपटॉपची लक्षणं तंतोतंत अशीच आहेत. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट्स यूज्ड' बघा. २ पैकी १ दिसलं तर यावर शिक्कामोर्तब. २ पैकी २ दिसून रॅम कमी असेल तर तो वेगळाच रोग.

वेगातला फरक हे कारण नाही. ३२०० ची स्टिक २६६६ वर मुकाट चालते, आणि तुमच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाही २६६६ च आहे. कमाल क्षमता ६४ जीबी, म्हणजे तिथेही अडचण नाही.

आता स्टिक की स्लॉट, हे ठरवायचं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपची अर्धवट झोप लागणार नाही. अडॅप्टर काढा. झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये अंतर्गत बॅटरी बायोसमधूनच बंद करता येते, तसं असेल तर उत्तम. मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा. स्टिकला हात लावण्यापूर्वी एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करा.

बसवताना स्टिक साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत पूर्ण ढकलायची. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. त्यानंतरच खाली दाबायची, आणि दोन्ही बाजूंचे चिमटे कडेच्या अर्धगोल खाचांत बसले पाहिजेत. बहुतेक जण आत ढकलायच्या आधीच खाली दाबतात, मग काही पिना टेकतच नाहीत.

अशा रीतीने दोन चाचण्या घ्या:

क) फक्त नवी स्टिक, जुनी जिथे होती त्या स्लॉटमध्ये.
ख) फक्त जुनी स्टिक, आता 'न दिसणाऱ्या' स्लॉटमध्ये.

दर वेळी पहिल्या सुरुवातीला पडदा काही वेळ काळा राहू शकतो. बायोस नव्या मांडणीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी बोलायचे टायमिंग नव्याने जुळवतो. डीडीआर४ ला मिनिटभर धरून चाला. डीडीआर५ असेल तर काही मिनिटंही लागतात. तेवढ्यात घाबरून पॉवर बटण दाबून बंद करू नका.

'क' चाललं नाही तर स्टिक संशयित, 'ख' चाललं नाही तर स्लॉट.

अर्धवट_बिट

पाना_पक्कड यांच्याशी सहमत. लेबलंही बघून घेतली, त्यात काही वावगं नाही. हीच तक्रार असलेल्या इतरांसाठी लेबलवरून कळणाऱ्या भानगडी सांगतो, कारण प्रत्येक वेळी दोष धुळीचा नसतो.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. लॅपटॉपच्या स्टिकला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि मधली खाचही वेगळ्या जागी असते. स्टिक बसायला त्रास देत असेल तर जोर लावू नका, आधी पिढी तपासा.

खरा घोळ डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचा. दिसायला एकसारख्या, खाच तीच, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना फक्त एल चालते. साधी टाकली की पडदा काळा. याच काळातला दुसरा घोळ १६ जीबीच्या डीडीआर३एल स्टिकचा. त्यात ८ गिगाबिटच्या चिप असतात आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या मेमरी कंट्रोलरला त्या हाताळता येत नाहीत. म्हणून तिथे स्लॉटमागे ८ जीबीच्या वर जायचंच नाही.

डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक आल्या, त्या ओळखण्यासाठी बऱ्याचदा नवा बायोस लागतो. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या सुरुवातीला ४८ आकडी रिकव्हरी की मागेल आणि ती हाताशी नसेल तर रॅमचं दुखणं बाजूलाच राहील.

सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त स्टिकही जपून घ्या. एका रँकला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या चिपच्या गटाला, ८ ऐवजी ९ चिप दिसल्या तर ती ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम आहे. काही लॅपटॉप ती चालवून घेतात, काही नाही. पैसे कशाला अडकवायचे?

कोरी_पाटी

स्लॉट्स यूज्ड: २ पैकी १.

क) नवी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये: बायोसमध्ये १६३८४ एमबी, विंडोज व्यवस्थित.
ख) जुनी एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये: पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. भरपूर वेळ थांबलो.

म्हणजे स्टिक चांगली आणि स्लॉट गेला? मदरबोर्ड बदलायचा का?

सोल्डरवाला

लगेच मदरबोर्डावर जाऊ नका. लक्षण नीट वाचलं तर बिघाड कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

स्लॉटच्या डेटा पिनांपैकी एखादी टेकत नसती तर एसपीडीचं उत्तर बायोसला मिळालं असतं, बायोसने ती स्टिक वापरायचा प्रयत्न केला असता आणि ट्रेनिंगमध्ये अडकला असता. दोन्ही स्टिक लावल्यावर लॅपटॉप सुरूच झाला नसता किंवा मध्येच निळा पडदा आला असता. तुमचा तर ८ जीबीवर सुखाने चालतो. म्हणजे दुसऱ्या स्लॉटची एसपीडीच वाचली जात नाहीये, आणि तीच एकटी उरल्यावर बायोसच्या लेखी रॅम शून्य, म्हणून काळा पडदा.

डीडीआर४ च्या लॅपटॉप स्टिकवर एसपीडीच्या पिना एका टोकाला एकवटलेल्या आहेत. २५३ क्लॉक, २५४ डेटा, २५५ तिचा वीजपुरवठा, २५६ आणि २६० स्लॉटचा पत्ता ठरवणाऱ्या. स्लॉटच्या ज्या टोकाला २५९ किंवा २६० छापलंय तिथे बघा. आकडे नसतील तर दोन्ही टोकं बघा. विषम पिना एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, त्यामुळे आत वरची आणि खालची अशा दोन्ही रांगा तपासायच्या. टॉर्च तिरका धरा आणि भिंग घ्या. सगळ्या पिना एका उंचीवर हव्यात. एखादी खाली दबलेली, बाजूला झुकलेली किंवा तिच्यावर काही अडकलेलं दिसेल. रिकाम्या स्लॉटमध्ये धागे आणि केस जाऊन बसतात, विशेषतः पंख्याच्या हवेच्या वाटेवर स्लॉट असेल तर.

साफ करताना बॅटरी सुटलेलीच असू द्या. कॉम्प्रेस्ड एअरचा डबा उभा धरून छोटे झोत मारा, आडवा केला तर द्रव बाहेर पडतो. मग ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून पिनांच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा, आडवं नाही. ५-१० मिनिटं वाळू द्या. स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांनाही अल्कोहोल लावलेलं न धागे सुटणारं कापड पुरे. खोडरबर घासायची सवय सोडा. तो सोन्याचा पातळ थर झिजवतो आणि त्याचा भुगा पुन्हा स्लॉटमध्येच जातो. टाचणी किंवा सुई तर अजिबात नको.

झुकलेली पिन दिसली तर स्वतः सरळ करू नका, फोटो काढून दुरुस्तीवाल्याला दाखवा. स्लॉट बदलता येतो. त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलायची गरज नसते.

कोरी_पाटी

२५९ च्या टोकाला खालच्या रांगेवर एक बारीक तंतू आडवा पडला होता. हवेने निघाला नाही, ब्रशने निघाला. आता दोन्ही स्टिक लावल्यावर बायोसमध्ये २४५७६ एमबी!

पण विंडोजमध्ये इन्स्टॉल्ड रॅम २४ जीबी आणि यूजेबल फक्त ७.८ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये हार्डवेअर रिझर्व्ड १६ जीबीच्या वर. स्लॉट्स यूज्ड २ पैकी २.

पाना_पक्कड

हा तो 'वेगळा रोग'. एमएसकॉन्फिगमध्ये मॅक्सिमम मेमरीवर टिक आहे का बघा. असेल तर तिथे ८१९२ हा आकडा अडकलेला सापडेल. टिक काढा, ओके, अप्लाय, रीस्टार्ट.

टिक नसेल तर बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी किती मेमरी राखलीय ते बघा. मात्र तिथे सहसा काहीशे एमबी ते एखाद-दोन जीबी जातात, १६ नाही.

कोरी_पाटी

टिक होती. काढली. आता यूजेबल २३.८ जीबी. टास्क मॅनेजर वेग २६६६ दाखवतो, पण सीपीयू-झेड हे ॲप मेमरी टॅबमध्ये १३३० च्या आसपास दाखवतं. हे बरोबर आहे का? आणि ८ + १६ लावल्यावर ड्युअल चॅनल मिळतं का?

अर्धवट_बिट

बरोबर आहे. सीपीयू-झेड खरी क्लॉक दाखवतं, डीडीआरमध्ये एका क्लॉकला दोनदा डेटा जातो, म्हणून दुप्पट धरा.

ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण, अर्धंमुर्धं मिळतं. ८ जीबीच्या स्टिकसमोर १६ मधली ८ जोडली जाते, म्हणजे १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये आणि उरलेली ८ सिंगलमध्ये. रोजच्या कामात जाणवणार नाही. आतलं ग्राफिक्स वापरून गेम खेळत असाल तर ८ + ८ किंवा १६ + १६ अशी समान जोडी बरी.

सोल्डरवाला

मुदत संपण्याआधी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवून घ्या. विंडोजच्या आतून घेतलेली चाचणी पूर्ण रॅम तपासू शकत नाही, कारण काही भाग विंडोजच वापरत असतं. २४ जीबीला चार फेऱ्या म्हणजे काही तास, रात्री अडॅप्टर लावून सोडून द्या. एकही एरर चालत नाही. आलीच तर नवी स्टिक एकटी पहिल्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा चालवा. तिथेही आली तर स्टिक परत करा. तिथे शून्य आणि दुसऱ्या स्लॉटमध्येच एरर, तर ब्रश पुन्हा हातात घ्यायचा.