एसीएलच्या ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात पोराला चढाईला सोडायचं का?

तांबडी माती

कबड्डीचा हंगाम तोंडावर आला की दरवर्षी हाच पेच. पोराचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं असतं, ऑपरेशनला पाच-सहा महिने झालेले असतात, दुखत नाही, पळतोय, आणि निवड चाचणी पंधरा दिवसांवर आलेली असते. मंडळवाले म्हणतात, "नी-कॅप चढव आणि उतर." प्रशिक्षक म्हणून माझं मत पक्कं आहे: नऊ महिन्यांच्या आत उतरवू नये, आणि नऊ झाले तरी चाचणी घेतल्याशिवाय नाही.

या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून त्या जागी बसवतात. हा टेंडन पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट कमजोर होतो. मग त्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तो लिगामेंटसारखा होत जातो. या सगळ्याला वर्ष जातं, कधी जास्तही. दुखायचं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच थांबलेलं असतं. पोरगा आणि त्याचे आईबाप फसतात ते इथेच.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका-नॉर्वेतल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासात एसीएलचं ऑपरेशन झालेल्या 106 जणांवर लक्ष ठेवलं होतं. नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे गुडघा पुन्हा जायचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलं.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. ऑपरेशनसाठी गाव वर्गणी काढतं, आजी-माजी खेळाडू पैसे घालतात. टाके निघाले की सगळे मोकळे. पुढच्या फिजिओथेरपीला पैसे देणारा एकही पुढे येत नाही, आणि गुडघा तर तिथेच घडतो.

उजवा कोपरा

दादा, आदर ठेवून विरोध करतो. कुमार गटाला वयाची अट आहे, ती कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात लागतं. शेतमजुराच्या पोराचं एक वर्ष गेलं तर त्याची पोलीस भरती गेली, घरचा एकमेव रस्ता गेला.

विनेश फोगाटचं बघा. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, फेब्रुवारी 2024 मध्ये जयपूरला राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण, एप्रिलमध्ये ऑलिम्पिकचा कोटा. ती नऊ महिने थांबली असती तर पॅरिसला गेलीच नसती. धोका घ्यायचा की नाही हे ज्याचा गुडघा आहे त्याने ठरवावं. बाहेर बसलेल्यांनी नाही.

तांबडी माती

विनेशच्या जिद्दीला सलाम. पण तिच्यामागे डॉक्टर होते, फिजिओ होते. आपल्या पोराकडे काय असतं? डिस्चार्जच्या वेळी मिळालेला व्यायामाचा एक कागद. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याची लिगामेंट गेली तो अपघात डिसेंबर 2022 चा, आयपीएलमध्ये परतला मार्च 2024 मध्ये. एवढ्या सोयी असताना त्याला सव्वा वर्ष लागलं, हेही त्याच तराजूत टाका.

आणि एकोणीस वर्षांचं पोर, समोर मंडळाचे अध्यक्ष उभे, तिथे ते "नाही" म्हणेल? त्याने ठरवलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ठरवलेलं असतं दुसऱ्यांनीच.

खांबवाली

मी खो-खो खेळते, माझं स्वतःचं एसीएल झालंय. मला दोघांचंही पटत नाही. नऊ महिने, नऊ महिने म्हणून मुली घरी बसतात आणि दहाव्या महिन्यात थेट मैदानात येतात. मांडी वाळलेली, गुडघा पूर्ण सरळ होत नाही, खो मिळाल्यावर उठताना सगळा भार चांगल्या पायावर. अशा मुलीला वर्षभर थांबवलं तरी फायदा शून्य.

भीतीबद्दल तर कुणी बोलतच नाही. खांबापाशी वेगात वळायची वेळ आली की पाय आपोआप आखडायचा. फिजिओ म्हणायचे ताकद पुरेशी आहे, तरी पाय टाकवत नव्हता. रोज थोडं थोडं वळण घेतच ते गेलं, बसून राहून गेलं नाही.

फिजिओ, सांगली

ताईंचा मुद्दा लाखमोलाचा आहे. वरच्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासातच परतण्याच्या चाचण्या पास न होता खेळायला गेलेल्यांपैकी 38 टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला, पास झालेल्यांत फक्त 5.6 टक्के.

चाचणीला महागडं यंत्रच हवं असं नाही. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. पालथं झोपवून दोन्ही टाचा एका उंचीवर येतात का बघा. एक वर राहिली तर तो गुडघा सरळ होत नाहीये. मग एका पायावर सलग तीन उड्या, अंतर टेपने मोजायचं. ऑपरेशन झालेल्या पायाचं अंतर दुसऱ्याच्या किमान 90 टक्के हवं. समोरून मोबाइलवर शूटिंग करा आणि पाय टेकतो तो क्षण हळू करून बघा. गुडघा आत पडत असेल तर अंतर कितीही येवो, तो पोरगा तयार नाही. मॅटवर बूट घट्ट धरतात, पाऊल अडकतं, वरून कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा पकडलेला. आत पडणारा गुडघा त्यात टिकत नाही.

एक धोका मात्र सांगतो. सहा महिने न खेळल्याने चांगला पायही कमजोर झालेला असतो. त्यामुळे 90 टक्के आले म्हणून हुरळू नका. आणि नी-कॅपने धीर येतो, संरक्षण मिळत नाही.

शांतपणे

ऑपरेशन हवंच कशाला? स्वीडनमधल्या 2010 च्या प्रयोगात 121 तरुणांपैकी ज्यांना आधी फक्त व्यायाम दिला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही.

फिजिओ, सांगली

बरोबर आहे, आणि हा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवायलाच हवा. पण त्या प्रयोगात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते. रोज वळणं, उड्या, पकडी असलेल्या खेळाला ते जसंच्या तसं लावू नका. शिवाय वळताना गुडघा वारंवार निसटत राहिला तर आतली गादी फाटते.

उजवा कोपरा

टेपवाली चाचणी मान्य. पण मग नियम चाचणीचाच असू द्या. सहाव्या महिन्यात जो सगळ्यात पास होईल, त्याला फक्त कॅलेंडर दाखवून अडवू नका.

तांबडी माती

इथेच माझं अडतं. टेपने स्नायू कळतो, आत बसवलेला टेंडन किती पिकला ते कळत नाही. पंचविशीच्या आतले जे खेळात परततात, त्यांच्यातल्या साधारण चारातल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. म्हणून माझ्या संघात सहाव्या महिन्यात पास झालेला पोरगाही सरावाला येईल, बोनस मारेल (बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून गुण घेईल), पण पकडीला हात लावणार नाही. तुमची नोकरीची अडचण खरी आहे. त्यासाठी जिल्हा संघटनेकडे मागणी करू: दुखापतीत गेलेल्या वर्षापुरती वयात सूट द्या. तुम्ही सही कराल का?

उजवा कोपरा

सही करतो, आजच. पण सूट मिळेपर्यंत माझ्या भावाला मी उतरवणार. त्याचं हे कुमार गटातलं शेवटचं वर्ष आहे.