दोन हातांनी फ्लाय कास्टिंग शिकण्याचा मोह: नागपुरात राहून त्याला अर्थ आहे का?

कन्हानकाठ (नागपूर):
नमस्कार. मी नऊ फुटी, आठ नंबरच्या (नंबर म्हणजे लाइनच्या वजनाचे माप) एकहाती रॉडने फ्लाय, म्हणजे पिसे-दोऱ्याचे हलके कृत्रिम आमिष, टाकून मासेमारी करतो. सुट्टीच्या दिवशी बहुतेक वेळा कन्हानच्या काठी किंवा परवानगी मिळेल त्या तलावावर जातो, आणि जमेल तेव्हा महाशीरसाठी कुमाऊँकडे. कामठीच्या आसपास कन्हानच्या काठावर बाभळी आणि बेशरमाची झुडपे इतकी दाट आहेत की लाइन मागे हवेत सोडायला जागाच उरत नाही. अलीकडे दोनहाती रॉडने केलेल्या स्पे कास्टच्या (लाइन मागे हवेत न सोडता पाण्याच्या आधाराने पुढे फेकण्याच्या पद्धतीच्या) चित्रफिती पाहिल्यापासून तेरा फुटी रॉड, त्याला साजेसे रील आणि स्केजिट लाइन (पुढचा भाग आखूड आणि जड असलेली स्पे लाइन) घ्यावी, असे सतत मनात येत आहे. खर्च मोठा आहे आणि जवळपास शिकवणारे कोणी नाही. केवळ मोह म्हणून हा विचार सोडून द्यावा, की खरोखर त्याचा उपयोग होईल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सातपुडा_गळ:
दादा, आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपली अडचण मागच्या झाडांची आहे आणि तिचे उत्तर स्पे पद्धतीच्या कास्टमध्ये आहे. त्यासाठी रॉड दोनहातीच असला पाहिजे, असे मुळीच नाही. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर सॅल्मनच्या मासेमारीतून रुजली, कारण तिथेही उंच काठ आणि झाडी यांमुळे लाइन मागे फेकता येत नसे. त्यात लाइनचे टोक आपल्या बाजूला पाण्यावर टेकवतात, पाणी ते धरून ठेवते, बाकीच्या लाइनचा डी आकाराचा फुगवटा मागे तयार होतो आणि त्याच्या वजनाने वाकलेला रॉड लाइन पुढे फेकतो. मागे लागणारी जागा फार थोडी असते.

हे सगळे आपल्या नऊ फुटी रॉडने करता येते. डबल स्पेपासून सुरुवात करावी. लाइन प्रवाहाच्या दिशेने ताणलेली असताना रॉडचे टोक सावकाश उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला न्यावे. लाइन आपल्यासमोर आडवी पडते, पण फ्लाय मात्र खालच्याच बाजूला राहिली पाहिजे. मग टोक पुन्हा खालच्या बाजूला आणून, न थांबता मागे वळवून फुगवटा तयार करावा आणि पुढे फेक करावी. घाई केली की फ्लाय पाण्यावरून सुटते आणि रॉडला भारच मिळत नाही. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे, आणि उलट दिशेने असेल तर सिंगल स्पे (लाइन एकदाच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून केलेली फेक), हा नियम जिवाला जपण्यासाठी आहे. तो मोडला तर गळ वाऱ्याबरोबर थेट आपल्या अंगावर येतो. चष्मा घालावा आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा.

आता दोनहाती रॉडबद्दल. त्याचे खरे सामर्थ्य रुंद, वाहत्या नदीत दिसते. फ्लाय तिरकी खालच्या बाजूला टाकायची, ती प्रवाहात चाप घेत काठाकडे येते, मग थोडीशी लाइन ओढून पुन्हा फेक. साचलेल्या पाण्यात प्रवाह फ्लाय हलवत नाही. ती आपल्याला पायाशी येईपर्यंत ओढावी लागते, त्यामुळे लाइनचे जड हेड (फेकीला वजन देणारा पुढचा भाग) रॉडच्या कड्यांमधून आत येते आणि प्रत्येक फेकीआधी ते पुन्हा बाहेर काढत बसावे लागते. तलावावर यात निम्मा वेळ जातो. कन्हानला बऱ्यापैकी निवळ आणि वाहते पाणी पावसाळ्यानंतरचे काही महिनेच असते, उन्हाळ्यात तिचे डोहच उरतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की आधी आहे त्या रॉडवर ही कास्ट पक्की करावी, आणि कुमाऊँची वारी नियमित होऊ लागली तरच दोनहाती रॉड घ्यावा.

अंबाझरी_पहाट:
वरील तांत्रिक माहिती बिनचूक आहे. निष्कर्षाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. मासा मिळावा म्हणून जेवढे लोक फ्लाय टाकतात, तेवढेच केवळ कास्ट आवडते म्हणूनही टाकतात, आणि ते कारण कमी प्रतीचे मानण्याचे काही कारण नाही. दोनहाती रॉडमध्ये वरचा हात टेकूसारखा राहतो आणि खालचा हात मूठ पोटाकडे ओढून बहुतांश काम करतो, त्यामुळे दिवसभर एकाच खांद्यावर ताण येत नाही. वय वाढू लागलेल्या माणसाला याचे मोल फार आहे. बहुतेकांचा मूळ दोष वरच्या हाताने ढकलण्याचा असतो. तो घालवायचा तर खालच्या हाताकडेच लक्ष ठेवून, लहान लाइनवर सराव करावा लागतो. हा सराव मैदानावर करू नये, कारण गवतावर लाइनचे टोक पाण्यासारखे धरले जात नाही आणि घसरते. तलावावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करावा. ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे त्या तलावाचा ठेका असेल, तिच्या लोकांना आधी सांगून परवानगी घ्यावी, म्हणजे गैरसमज होत नाही.

कन्हानकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. डबल स्पेचा सराव याच आठवड्यात सुरू करतो. एक शंका राहते: पुढे आठ नंबरचा दोनहाती रॉड घेतला, तर माझी आत्ताची आठ नंबरची लाइन त्यावर चालेल का?

सातपुडा_गळ:
नाही, आणि इथे अनेक जण फसतात. एकहाती आठ नंबरच्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांचे ठरलेले वजन 210 ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम असते. दोनहाती आठ नंबरच्या रॉडला साधारण 500 ग्रेनच्या आसपासचे हेड लागते, म्हणजे दुपटीहून अधिक. आपली लाइन त्यावर लावली तर रॉड वाकणारच नाही आणि दोष आपल्या हाताचा आहे असे वाटत राहील. दोन्हीकडे आकडा एकच असला तरी मापाची पद्धत वेगळी आहे, म्हणून नंबरकडे न पाहता रॉडसाठी दिलेली ग्रेनची मर्यादा पाहूनच हेड निवडावे. स्केजिट हेड आखूड आणि जड असते, स्कँडी हेड त्याच रॉडवर थोडे हलके आणि लांब घेतात.