वर्डप्रेसमध्ये कस्टम फील्डवरून किल्ल्यांची यादी फिल्टर करतोय, पण निकाल भलतेच येतायत

गडवाटा

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेकिंग ग्रुपची किल्ल्यांची साइट आहे, वर्डप्रेसवर. 'किल्ला' नावाचा वेगळा पोस्ट टाइप आहे आणि एसीएफ (अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगइन) टाकून त्यात फील्ड्स घेतलीत, म्हणजे उंची, जिल्हा, प्रकार (गिरिदुर्ग, जलदुर्ग, वनदुर्ग), सोयी (हा चेकबॉक्स आहे, त्यात पाणी, मुक्काम, जेवण वगैरे) आणि २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा 'जागतिक वारसा' असं हो/नाहीचं एक फील्ड नवीन टाकलं. यादीच्या पानावर वर फॉर्म आहे, लोकांनी निवडून 'शोधा' दाबलं की व्हॅल्यू अॅड्रेसमध्ये जातात, तिथून उचलून मी मेटा क्वेरीला (फील्डच्या व्हॅल्यूवरून पोस्ट शोधायच्या अटी) देतो.

आता अडचणी. 'उंची १००० मीटरच्या वर' टाकलं तरी रायगड येतो, त्याची उंची ८२० भरलेली आहे, आणि उंचीने उतरत्या क्रमाने लावलं तर हाच रायगड १५६७ मीटरच्या साल्हेरच्या वर जाऊन बसतो. सोयींमध्ये 'पाणी' निवडलं तर एकही किल्ला येत नाही. जागतिक वारसा 'नाही' निवडलं तर फक्त अलीकडे भरलेले चारदोन किल्ले दिसतात, जुने सगळे गायब. आणि किल्ल्याच्या नावाने शोधायचा बॉक्स टाकला तर थेट 'पान सापडलं नाही' येतं. ट्रेकला जाणारी पोरं या यादीवर भरवसा ठेवतात म्हणून हे नीट करायचंच आहे, कोणी वाट दाखवेल का?

पोस्टमेटा

एकेक घेऊ.

रायगडचं कारण सोपं आहे. सगळी कस्टम फील्ड्स डेटाबेसच्या पोस्टमेटा टेबलमध्ये जातात आणि तिथला व्हॅल्यूचा कॉलम मजकुराचा आहे, तुम्ही आकडा टाका, तारीख टाका, साठवलं जाणार अक्षरं म्हणूनच. मेटा क्वेरीला टाइप सांगितला नाही तर ती अक्षरांसारखीच तुलना करते, मग पहिलं अक्षर ८ हे १ पेक्षा मोठं म्हणून ८२० हे १५६७ ला भारी पडतं. टाइप न्यूमरिक द्या, आणि क्रम लावताना ऑर्डरबायमध्ये नुसतं मेटा व्हॅल्यू न लिहिता मेटा व्हॅल्यू नम लिहा.

चेकबॉक्सचं वेगळं आहे. एसीएफ निवडलेले सगळे पर्याय एकत्र सिरियलाइज करून (म्हणजे एकाच मजकुरात गुंफून) एकाच ओळीत ठेवतं, त्यामुळे बरोबरच्या चिन्हाने ते कधीच जुळणार नाही, कंपेअरला लाइक (मजकुरात कुठेही सापडलं तरी जुळतं) वापरावं लागतं. पण नुसतं लाइक टाकून मोकळे होऊ नका, व्हॅल्यूच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरण चिन्हं लावूनच शोधा. उद्या तुम्ही 'पाणी' आणि 'पाणी फक्त पावसाळ्यात' असे दोन पर्याय केलेत आणि अवतरणाशिवाय शोधलंत तर दोन्ही प्रकारचे किल्ले एकाच यादीत येतील, आणि मे महिन्यात कोणीतरी ती यादी बघून एक बाटली घेऊन कोरड्या टाक्यांच्या गडावर चढेल. तुम्ही भरवशाचं म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय.

वारसा फील्ड: 'नाही' म्हणजे शून्य, पण ते शून्य फील्ड आल्यानंतर जी पोस्ट सेव्ह झाली तिच्यातच आहे. जुन्या पोस्टना ती ओळच नाही आणि जी ओळ नाही ती शून्याशी जुळणार कशी. रिलेशन ऑर ठेवून दोन अटी द्या, एक व्हॅल्यू शून्य आणि दुसरी नॉट एक्झिस्ट्स. उंचीने क्रम लावतानाही हीच गंमत होते बरं का, जलदुर्गांना तुम्ही उंची भरली नसेल तर सिंधुदुर्ग, जंजिरा यादीतून सरळ बाहेर पडतील.

नावाचा बॉक्स: त्या इनपुटचं नाव 'नेम' ठेवलंय का? ते वर्डप्रेसने स्वतःसाठी राखून ठेवलेलं आहे, तसंच इयर, डे वगैरे पण. पुढे काहीतरी आपलं जोडा, उदाहरणार्थ 'गड नेम', लगेच चालेल.

थीमवाली

वरचं सगळं बरोबर, फक्त ही क्वेरी लिहिताय कुठे ते पण बघा. बरेच जण आर्काइव्हच्या (म्हणजे यादीच्या पानाच्या) टेम्प्लेटमध्ये नवीन क्वेरी करतात आणि मग दुसऱ्या पानावर गेलं की 'सापडलं नाही' येतं, कारण किती पानं आहेत ते ठरवते मुख्य क्वेरी, आणि तिला तुमच्या फिल्टरचा पत्ताच नसतो. प्री गेट पोस्ट्स या हुकवर (क्वेरी चालायच्या आधी आपला कोड घुसवायची जागा) मुख्य क्वेरीच बदला, पण आधी तपासा की आपण अॅडमिनमध्ये नाही, ही मुख्य क्वेरीच आहे आणि हे किल्ल्यांचंच आर्काइव्ह आहे. ही तपासणी राहिली तर फिल्टर अॅडमिनमधल्या यादीला पण लागतो, मेनूला पण, आणि मग शोधत बसावं लागतं की पोस्ट गेल्या कुठे. शिवाय अॅड्रेसमधून आलेली व्हॅल्यू कधीच जशीच्या तशी क्वेरीत टाकू नका, आकडा असेल तर आकड्यात बदलून घ्या आणि पर्याय असेल तर तो आपल्या यादीत आहे का ते बघा.

गडवाटा

खूप आभार दोघांचे! रायगड खाली गेला, वारसा आणि सोयी पण जमलं, इनपुटचं नाव 'नेम'च होतं. पण न्यूमरिक केल्यापासून तोरणा गायब झालाय, त्याची उंची १४०३ भरलेली स्वतः बघितली. आणि एका किल्ल्याची उंची १ मीटर असल्यासारखा तो क्रमात तळाला जातोय.

पोस्टमेटा

फील्ड 'टेक्स्ट' टाइपचं आहे ना? मग तोरण्याचा आकडा नक्की देवनागरीत टाइप झालेला असणार. आपल्याला तो १४०३ दिसतो पण डेटाबेस मजकुराचा आकडा करताना फक्त इंग्रजी अंक ओळखतो, देवनागरी अंकांचं शून्य होतं. तळाला गेलेल्या किल्ल्यात हजारानंतर स्वल्पविराम असेल, तो आला की वाचणं थांबतं आणि हातात एक उरतो. मागे 'मीटर' लिहिलं असेल तर चालून जातं, पण आधी 'सुमारे' लिहिलं असेल तर परत शून्य. मराठी साइटवर हे हमखास होतं कारण भरणारे चारपाच जण आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. फील्डचा टाइप नंबर करा म्हणजे पुढे कोणी असं भरलं तर सेव्हच होणार नाही, जुने एकदा साफ करून घ्या, आणि पानावर दाखवताना देवनागरी अंक हवेत तर ते टेम्प्लेटमध्ये बदला. साठवायचं एका रूपात, दाखवायचं हवं त्या रूपात. तारखेचं फील्ड घेतलंत तरी हेच, पानावर कशीही दिसो, एसीएफ आत वर्ष, महिना, दिवस असे आठ अंक सलग ठेवतं आणि तुलना त्याच्याशीच करायची असते.

घाटमाथा

मला मुळात एक विचारायचंय, जिल्हा आणि प्रकार फील्डमध्ये का ठेवलेत? ती टॅक्सॉनॉमी करा, म्हणजे वर्डप्रेसची वर्गवारी, तिच्यातला एकेक गट म्हणजे टर्म. उंचीला 'इतक्या ते इतक्या' असं विचारता येतं म्हणून ती फील्डमध्ये ठीक, पण जिल्हा हा गट आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, नंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. टेक्स्ट फील्ड असेल तर देवगिरी, नळदुर्ग, हरिश्चंद्रगड, रतनगड, प्रत्येक पोस्ट उघडून बदला, आणि एखादी राहिली की एकाच जिल्ह्याचे दोन गट पडले. टॅक्सॉनॉमीत टर्मचं नाव एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, शिवाय प्रत्येक जिल्ह्याचं आपोआप स्वतंत्र पान मिळतं.

वेगाचा पण फरक आहे. पोस्टमेटात की म्हणजे फील्डच्या नावावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आहे, व्हॅल्यूवर नाही, आणि प्रत्येक वाढीव अटीला तेच टेबल पुन्हा जोडलं जातं. काहीशे किल्ल्यांना जाणवणार नाही, पण पुढे लेणी, घाटवाटा, मंदिरं टाकलीत आणि पाच अटी एकदम लावल्यात तर पान रेंगाळायला लागेल.

गडवाटा

पटलं. पण भरणाऱ्या मंडळींना आत्ताचा जिल्ह्याचा ड्रॉपडाउन सवयीचा झालाय, तो घालवला तर परत सगळ्यांना शिकवावं लागेल.

घाटमाथा

घालवायची गरज नाही. एसीएफमध्येच टॅक्सॉनॉमी टाइपचं फील्ड आहे, दिसायला सिलेक्ट ठेवा आणि त्यातला 'सेव्ह टर्म्स' आणि 'लोड टर्म्स' दोन्ही चालू करा, त्यांना बॉक्स तसाच दिसेल आणि आत टर्म लागेल. जुन्या पोस्टसाठी छोटी स्क्रिप्ट लिहा, जुन्या फील्डमधली व्हॅल्यू घ्यायची, पुढच्यामागच्या मोकळ्या जागा काढायच्या, जुनं नाव असेल तर नवीन करायचं आणि ती टर्म पोस्टला लावायची. आधी साइटच्या कॉपीवर चालवा, प्रत्येक जिल्ह्यात किती किल्ले आले ते जुन्या फील्डच्या आकड्यांशी ताडून बघा, जुळलं की मग लाइव्हवर.